जेरोंटोक्रसी आणि गावचे टोप

तुमच्या गावच्या मोठ्या टोपांची चावी सध्या कोणाच्या घरी आहे, सांगता येईल?

मुख्यमंत्र्यांचं नाव विचारत नाही, आमदाराचंही नाही. ती तुम्ही घडाघडा सांगाल. मी विचारते आहे त्या खोलीच्या चावीबद्दल, जिच्यात गावाने वर्गणी काढून घेतलेले टोप, पराती, कढया आणि हातभर लांब झारे ठेवलेले असतात. हळदीचा भात त्यात शिजतो, बाराव्याची भाजीही त्यातच शिजते. ती चावी आज कोणाकडे आहे, गेल्या वर्षी कोणाकडे होती आणि मधलं कुठलं घर गाळलं गेलं, हे ज्याला सांगता येत नाही त्याने चहाच्या टपरीवर लोकशाही धोक्यात असल्याची चर्चा करू नये, असं माझं मत आहे. माझी मतं पुष्कळ आहेत. ती आमच्या घरातच पिकायची.

बाबा वाशिंदच्या एका कंपनीत कामाला होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. पगारवाढीचं पत्रक, पाण्याच्या टँकरचं पत्रक, एसटीची फेरी बंद झाली त्याचं पत्रक. शहापूरहून छापून गठ्ठे यायचे आणि वाटून उरलेले आमच्या माळ्यावर चढायचे. माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची. बाजारातून आणलेलं सुकट घरात बांधून ठेवायचं तेही पत्रकात. मला ‘कमळ’ वाचता यायच्या आधी ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं. शाळेत ‘आमची गाय’ या विषयावर निबंध लिहिला, त्याच्या शेवटी मी लिहिलं होतं की गाईच्या मागण्या तत्काळ मान्य न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल. बाईंनी जेमतेम पास केलं. बाबांनी तो निबंध कंपनीच्या गेटवर वाचून दाखवला.

आमचं गाव शहापूर आणि मुरबाड यांच्या मधे कुठेतरी आहे. शहापूरवाले आम्हाला मुरबाडकडचे समजतात, मुरबाडवाले शहापूरकडचे, आणि एसटी दोन्हीकडून उशिराच येते. गाव म्हणजे समोरासमोर घरांच्या दोन ओळी, मधे आळी, एका टोकाला समाजमंदिर. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत गावची भांडी. पुढच्या पारावर काळा फळा, त्यावर रोजचा सुविचार. माझं अक्षर बरं म्हणून कॉलेज संपल्यावर गावकीने तो फळा माझ्याकडे दिला.

गावकी म्हणजे दर घरातला एक पुरुष. ग्रामपंचायत वेगळी. ती सरकारची, तिची निवडणूक होते, तिची सरपंच बाई आहे आणि ती आमच्याच आळीत राहते. गावकी मात्र गावाची. तिची निवडणूक होत नाही, ती असतेच. पंचायतीत सरपंचबाईंच्या सहीशिवाय गटारावरचं झाकण हलत नाही. आळीत गावकी बसली की त्याच सरपंचबाई चहाचे कप दाराबाहेरून आत देतात.

त्या दिवसांत मी तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. गाईडमध्ये एक अख्खं पान राज्यपद्धतींच्या इंग्रजी शब्दांचं होतं. एका माणसाचं राज्य म्हणजे ऑटोक्रसी, मूठभरांचं ऑलिगार्की, पैसेवाल्यांचं प्लुटोक्रसी, देवाच्या नावाने चाललेलं थिओक्रसी, चोरांचं क्लेप्टोक्रसी आणि कोणाचंच नाही ती अनार्की. असले शब्द जो नुसते घोकून पाठ करतो त्याला माझा दंडवत. मला ते माणसांना चिकटवल्याशिवाय लक्षात राहीनात. एसटीचा कंडक्टर ऑटोक्रसी. रेशनचं दुकान ऑलिगार्की, कारण तांदूळ कधी येणार हे दुकानदार, त्याचा मेहुणा आणि अंगठ्याचं मशीन एवढ्यांनाच ठाऊक असतं. आमच्या घरात डेमॉक्रसी होती. बाबा तिच्यावर बोलायचे आणि ठरवायची आई.

सुविचारांचा मला कंटाळा आला होता. ‘वेळ हेच धन’ कितीदा लिहिलं, गावात एकही माणूस वेळेवर यायला लागला नव्हता. म्हणून एका सकाळी सुविचाराच्या जागी ‘आजचा शब्द’ असं लिहिलं आणि खाली ऑटोक्रसी: एकाच माणसाचं राज्य, बाकीच्यांनी माना डोलवायच्या. पारावर एसटीची वाट बघणाऱ्यांना वाचायला दुसरं काही नसतं. संध्याकाळी नळावर एक वहिनी दुसरीला सांगत होती की आमचा ऑटोक्रसी आज कामावर गेला नाही, दिवसभर घरातच लोळतोय. पुढच्या आठवड्यात दोन भाऊ बांधावरून भांडले आणि एकमेकांना क्लेप्टोक्रसी म्हणाले. आळीतल्या शिव्या पहिल्यांदाच सासूसमोर देण्यासारख्या झाल्या.

गावकीत सगळ्यांत वडील म्हणजे आबा, बाबांचे चुलते. पांढरी टोपी, खांद्यावर पंचा, हातात काठी. काठी टेकायला कमी, दाखवायला जास्त. खास त्यांच्यासाठी मी जेरोंटोक्रसी लिहिला: म्हाताऱ्यांच्या हातातलं राज्य. कोणाला शंका राहू नये म्हणून खाली उदाहरणही दिलं: आपली गावकी. मग दुकानाच्या पायरीवर बसून स्फोटाची वाट बघत राहिले. आबा आले, चष्मा पुसून लावला, बोटाने अक्षर न् अक्षर लावत वाचलं आणि काठी आपटली.

“बराबर लिवलंस गो,” ते म्हणाले. “असंच पायजे. पुसू नको लगेच.”

तो शब्द आठवडाभर फळ्यावर राहिला. आबा मुरबाडच्या बाजारात ओळखीच्यांना थांबवून सांगत होते की आमच्या गावकीला इंग्रजीत नाव आहे. शब्दांवर माझा फार विश्वास होता. तो त्या आठवड्यात थोडा हलला.

आता काकी. आमच्या घराला लागून तिचं घर. काका टेम्पोने भेंडी कल्याणच्या मार्केटला न्यायचे. दोन पावसाळ्यांपूर्वी ते गेले. मुलगी कल्याणला नर्स आहे, घरात काकी एकटी. भात, भेंडी आणि म्हैस ती सांभाळते, आणि तिला सोबत म्हशीची. त्या वर्षी काकीला एकच गोष्ट हवी होती, चावीचा नंबर.

चावी दर वर्षी घर बदलते. एका ओळीने वर जायचं, टोकाला वळायचं, समोरच्या ओळीने खाली यायचं, आणि पुन्हा पहिल्या घरापासून सुरू. धुळवडीच्या सकाळी गावकीतला सर्वांत वडील माणूस ताटात नारळ, तांदूळ आणि चावी घेऊन निघतो, मागे ढोलकी आणि बाकीचे पुरुष. ज्या घराचा नंबर असेल तिथली घरधनीण उंबऱ्याच्या आत उभी राहते, नारळाला कुंकू लावते आणि ताट आत घेते. पुढे वर्षभर भांडी देणं, मोजून परत घेणं, राखेने घासून पालथी घालणं हे त्या घराचं काम, म्हणजे त्या घरातल्या बायकांचं. आणि चावीवालं घर म्हणून वर्षभर गावकीत पहिल्या सतरंजीवर बसणं हा त्या घराचा मान, म्हणजे त्या घरातल्या पुरुषाचा. ताटाचे नियम दोन. एकदा उचललेलं ताट घेतल्याशिवाय जमिनीला टेकवायचं नाही. आणि निघालेलं ताट मागे फिरवायचं नाही.

मागच्या वेळी चावी आली तेव्हा काकी नवी नवरी होती. सगळ्यांत मोठा टोप बाहेरून घासून होईना तेव्हा सासूने तिला आत उतरवलं होतं. आत बसून गाणं म्हटलं की आवाज देवळातल्यासारखा घुमतो, असं ती अजून सांगते. आळी लांब आहे. फेरा पुरा होईपर्यंत नवऱ्या मुलीची सासू होते. यंदाचा नंबर गेला असता तर पुढचा बघायला काकी राहिली नसती. आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे एकदा गाळलेलं घर पुन्हा फेऱ्यात येत नाही. समोरच्या ओळीच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहते. तिचा नवरा गेला, नंबर आला, गावकीने गाळला. तेव्हापासून गावकीत त्या घराला ‘बंद घर’ म्हणतात. त्याच्या कौलांतून रोज सकाळ-संध्याकाळ धूर निघतो. पण बंद घर.

होळीच्या आधी गावकी बसली आणि काकीचं घर गाळायचं ठरलं. घरात बाप्या नाही, मग पहिल्या सतरंजीवर बसणार कोण? बाई विधवा, मग नारळाला कुंकू लावणार कोण? वाईट कोणी बोललं नाही. उलट सगळे फार मायेने बोलले, की पोरीच्या हळदीला तिला भांडी लागतील तेव्हा हवी तेवढी देऊ, गावची लेक आहे. चावी मात्र पुढच्या घरी. पुढचं घर आमचं होतं. गावकीत बाबा एकटेच विरोधात बोलले आणि नेहमीप्रमाणे मुळापासून बोलले. ते मुद्द्यावर आले तोपर्यंत चहा झाला होता आणि चपला घालायला सुरुवात झाली होती.

मी तावातावाने काकीकडे गेले. ती ओट्यावर भेंडी निवडत बसली होती, जून एकीकडे, कोवळी एकीकडे. मी तिला सांगितलं की ही पेट्रिआर्की आहे, आणि थिओक्रसीसुद्धा, आणि आपण या दोन्हींशी लढू. तिने ऐकून घेतलं.

“भांडी शहापूरला मंडपवाल्याकडं भाड्यानं मिळतात गो,” ती म्हणाली. “मला भांडी नकोत. माझं घर मोजायला पायजे.”

मी घरी येऊन पत्रक लिहायला बसले. एका दुपारीत चार पानं झाली. ‘पितृसत्ताक जेरोंटोक्रसीचा धिक्कार असो’ इथून सुरुवात होती. जागतिक भांडवलशाही दोनदा आली, साम्राज्यवाद एकदा, टोप कुठेच आले नाहीत. बाबांनी चष्मा लावून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

“भाषा झकास हाय,” ते म्हणाले. “मागणी कुठाय?”

मी म्हटलं, सगळं पत्रकच मागणी आहे.

“नाय. पत्रकाच्या शेवटी मागणी लागते. एकच. वाचणाऱ्याला उठून करता येईल अशी. नायतर सुकट बांधायला बरं.”

आतून आईने सांगितलं की सुकट आणायचंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्यावर इंग्रजी शब्द लिहिला नाही. ‘आजचा प्रश्न’ असं लिहून खाली एवढंच लिहिलं: यंदा चावीचा नंबर कोणाच्या घराचा? या वेळी आबांना चष्मा लागला नाही. त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने फळा स्वतः पुसला, फळा सुविचाराला आहे, विचारायला नाही, असं मला बजावलं आणि खडू काढून घेतला. पण शाळेची आणि कंपनीची एसटी जाऊन गेली होती. सगळ्यांनी वाचलं होतं. दिवसभर आबांच्या पंच्यावर माझा प्रश्न पांढरा फासलेला दिसत होता आणि त्यांना कोणी सांगत नव्हतं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी आईवर चिडून होते. चावी आमच्याकडे येणार म्हणून ती अंगण सारवत होती, पाट धुऊन ठेवत होती, आणि संध्याकाळ झाली की विरजण मागायला बाहेर पडत होती. एक दिवस या घरी, एक दिवस त्या घरी. एका घरून विरजण आणायला अर्धा तास लागायचा. आमच्याकडे कोणी दही खात नाही. हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं, पण मी वर्गसंघर्षावर वाचत होते. मी तिला ऐकवलं की अन्यायाची चावी घरात घेणं म्हणजे अन्यायात वाटा घेणं. ती म्हणाली, बघू. आईच्या ‘बघू’चा अर्थ लावायला गाईड निघालेलं नाही.

धुळवड आली. सकाळी होळीची राख कपाळाला लावून पुरुष निघाले. आबांच्या दोन्ही हातांत ताट, काठी दुसऱ्या कोणाकडे दिलेली, मागे ढोलकी. गेल्या वर्षीच्या घरातून चावी निघाली आणि काकीच्या दारावरून पुढे सरकली. काकी दारात उभी होती, धुतलेलं लुगडं नेसून, पाट मांडून. कोणी तिच्याकडे बघितलं नाही. ढोलकी वाजवणाऱ्याने तेवढी चार पावलं ठेका हळू केला. मग ताट आमच्या दारात आलं. आई उंबऱ्याच्या आत उभी होती, डोक्यावर पदर, हात मागे बांधलेले.

“घे सूनबाय,” आबा म्हणाले.

“नंबर आमचा नाय,” आई म्हणाली.

आबांना वाटलं, मान म्हणून आढेवेढे घेते आहे. त्यांनी ताट थोडं पुढे केलं. आईने नाही म्हणून मान हलवली आणि शेजारच्या दाराकडे बोट दाखवलं. बाबा पुरुषांच्या घोळक्यात होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाबांनी आकाशाकडे पाहिलं. चेहऱ्यावरून ते फार सुखात दिसत होते.

ताट मागे फिरवायचं नाही. आबा पुढच्या घराकडे वळले. तिथली वहिनी म्हणाली की नंबर आमचा नाय, तो दोन घरं मागं राहिला. त्यापुढच्या घरी दार उघडंच होतं, घरधनीण आतून म्हणाली की माझे हात पुरणाचे आहेत आणि नंबरही आमचा नाही. मग मला विरजण आठवलं. मी आईकडे बघितलं. ती अंगणातला सारवलेला पोपडा पायाने दाबून बसवत होती.

एका घरी नवराच पुढे झाला. तो घोळक्यातून निघाला, घरात शिरला आणि उंबऱ्याच्या आतून हात पुढे करून म्हणाला, आणा, मी घेतो. त्याची आई आतून म्हणाली, “घे की. टोप पण तूच घास.” तो पुन्हा बाहेर येऊन घोळक्यात उभा राहिला आणि ढोलकीवाल्याला विनाकारण म्हणाला, वाजव रे.

सरपंचबाईंच्या दारात आबा थांबले. उन्हं चढली होती. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की बाकीच्यांचं जाऊ दे, तू सरपंच आहेस, तुला कारभार कळतो.

“कारभार पंचायतीत कळतो, आबा,” त्या म्हणाल्या. “गावकीत मी चहा देते. नंबर आमचा नाय.”

ताट आता आबांच्या हातून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात होतं. टेकवायचं नाही म्हणजे नाही. नारळ, तांदूळ आणि एक चावी, वजन ते काय, पण ज्याच्या हातात जाई तो थोड्या वेळाने खांदे उडवायला लागे. आमची ओळ संपली, वळण आलं, समोरची ओळ सुरू झाली. पोरं छपरावर चढली होती. बायका आपलं ‘नाय’ म्हणून झालं की अंगणात येऊन पुढच्या घरचं ऐकायला उभ्या राहत होत्या. ज्यांचं झालं होतं त्या हसत होत्या, ज्यांचं यायचं होतं त्या पदर नीट करत होत्या.

असं करत ताट समोरच्या ओळीच्या टोकाला पोचलं. तिथे बंद घर होतं. सवयीप्रमाणे घोळका त्याच्या पुढून निघाला.

“थांबा रं,” म्हातारी दारातून म्हणाली. “मला बी नाय म्हणायचंय.”

ढोलकी बंद पडली. म्हातारी दाराची चौकट धरून उभी होती. तिने सुद्धा पाट मांडला होता. ताट तेव्हा पुन्हा आबांच्या हातात आलं होतं. त्या घरापुढे ताट थांबून किती वर्षं झाली होती, हे फक्त त्या दोघांना माहीत असणार. आबांनी ताट सावरलं. मग वळले, तिच्या उंबऱ्याशी गेले आणि रीतसर ताट पुढे धरलं.

“घे,” ते म्हणाले.

म्हातारीने नारळाकडे बघितलं, चावीकडे बघितलं. घाई केली नाही.

“नाय,” ती म्हणाली. “नंबर माझा नाय यंदा. पन इचारलंत, बरं केलंत.”

मी पत्रकांत वाढलेली मुलगी. घोषणा ऐकत मोठी झाले. त्या ‘नाय’एवढी जोरदार घोषणा मी कुठल्या मोर्चात ऐकलेली नाही, आणि ती तर जेमतेम ऐकू आली होती.

पुढे उरलेल्या घरांत कोणी फार वेळ घेतला नाही. पहिल्या ओळीची सुरुवात आली, जुनं चावीवालं घर आलं, तिथल्या बाईने सांगितलं की आमचं वर्ष झालं, आता ठेवून घेतली तर चोरी म्हणाल. तिच्यापुढचं घर काकीचं. ताट मागे फिरलं नव्हतं. ते पुढे जात जातच तिच्या दारात आलं होतं. नियम सगळे पाळले गेले होते.

काकी उभी होती तिथेच उभी होती. आबांच्या टोपीखालून घाम गळत होता. शेवटचा अडसर त्यांनी अगदी हळू आवाजात पुढे केला, बहुधा तो टिकू नये अशीच त्यांची इच्छा असावी. ते म्हणाले, बाय, कुंकू.

“नारळाला लावायचंय, आबा,” काकी म्हणाली. “मला नाय.”

घोळक्यात कोणीतरी खोकलं. आबांनी काकीकडे बघितलं, नारळाकडे बघितलं, मग आळीभर उभ्या असलेल्या बायकांकडे बघितलं.

“घे बाय,” ते म्हणाले. “हात भरून आले माझे.”

काकीने आतून करंडा आणला, अंगठ्याने नारळाला ठसठशीत कुंकू लावलं आणि ताट आत नेलं. आत गेल्यावर पहिल्यांदा तिने ते जमिनीवर टेकवलेलं ऐकू आलं. बाहेर सगळ्या पुरुषांनी एकदम हात झटकले.

दुपारी तिने खोली उघडली. आम्ही सगळ्याजणी भांडी बाहेर काढून घासायला बसलो. होळीची ताजी राख होतीच. सगळ्यांत मोठ्या टोपात उतरायला काकी आता मावत नव्हती. तिने टोप आडवा केला, आत डोकं घातलं आणि लग्नातल्या गाण्याची एक ओळ म्हटली. घुमली. म्हैस गोठ्यातून उत्तर द्यायला लागली.

पुढच्या बैठकीला चावीवालं घर म्हणून काकी पहिल्या सतरंजीवर बसली. पाय दुमडून, चावी कनवटीला. कोणाला हरकत घ्यायला नियम सापडेना. सरपंचबाई चहाचे कप घेऊन आल्या, दारात थांबल्या, काकीने सरकून जागा केली, त्या आत आल्या आणि बसल्या. चहा संपला तरी उठल्या नाहीत. आबांनी मला बोलावून खडू परत दिला. झालं त्याला इंग्रजीत काय म्हणतात, असं विचारलं. मी गाईडचं ते पान वरून खाली दोनदा वाचलं. एकाचं राज्य होतं, मूठभरांचं होतं, म्हाताऱ्यांचं होतं. दही न खाणाऱ्या बाईने घरोघर विरजण मागून चालवलेल्या राज्याला शब्द नव्हता. आबांना सांगितलं तर म्हणाले, नसंलच, त्यांच्याकडं आळ्या कुठं हायत. परीक्षेत म्हाताऱ्यांच्या राज्याचा प्रश्न आला आणि मी तो हसत हसत बरोबर सोडवला. गणिताने बुडवलं.

काकीच्या मुलीची हळद झाली. भात गावच्या टोपात शिजला आणि काकीने स्वतःच्या हाताने कुलूप उघडून तो टोप बाहेर काढला. टोकाच्या म्हातारीच्या घराला आता कोणी बंद घर म्हणत नाही. एकदा ताट थांबलं त्या दारात पुन्हा थांबावं लागणार, हे गावकीला कळून चुकलं आहे. तिचा नंबर अजून लांब आहे. ती वाट बघते आहे आणि प्रकृती सांभाळून आहे.

पण ही एका आळीची गोष्ट झाली. शहापूरच्या डेपोत, मुरबाडच्या बाजारात, डोळखांबच्या जीपमध्ये शेजारी बसलेल्या बाईला मी हल्ली चावीचं विचारते. तासाभराच्या प्रवासात ती तिच्या गावचं बंद घर सांगते. प्रत्येकीच्या गावात एक असतंच. नवरा नसलेलीचं, नवऱ्याने टाकलेलीचं, लग्न न केलेलीचं. धूर प्रत्येकातून निघतो.

बाबा म्हणतात, शेवटी मागणी एकच असावी आणि वाचणाऱ्याला उठून करता येईल अशी असावी. तर माझी मागणी अशी. तुमच्या गावात ते घर कुठलं, हे तुम्हाला माहीत आहे. वाचताना ते तुमच्या डोळ्यांसमोर आलंही असेल. येत्या शिमग्याला तुमचं ताट, तुमची पालखी, तुमची वर्गणीची पावती, जे काही दारोदार जात असेल ते, त्या दारावरून पुढे निघालं की तुम्ही थांबा, आणि तिथे जाऊन तिला विचारा. ती नाय म्हणाली तरी चालेल. म्हणायला तर मिळू दे.